दहा आज्ञा पाठ असलेलं लेकरू

मावशी, सलाम.
मी जालना जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय 24, डी.एड. झालं आहे, नोकरी अजून नाही. दोन वर्षांपासून आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेते. 19 लेकरं येतात, चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची, सगळी एकाच खोलीत. त्यांतली दोन शेजारच्या घरची आहेत, ख्रिस्ती नाहीत. दर रविवारी मी बायबलातलं एक सोनेरी वचन पाठ करायला देते. पुढच्या रविवारी जो न चुकता म्हणेल त्याला चॉकलेट आणि भिंतीवरच्या तक्त्यात एक चांदणी. नऊ वर्षांचा एक मुलगा सगळ्यांत हुशार आहे, दहा आज्ञा घडाघडा म्हणतो. तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच अर्पणाच्या थैलीतून वीस रुपये काढले. मी पाहिलं. मला इतका राग आला की सगळ्यांसमोर त्याला उभं केलं, 'चोरी करू नको' ही आज्ञा म्हणायला लावली आणि म्हणाले, देव बघतोय, तो तुला शिक्षा करील. त्यानं आज्ञा म्हटली, पैसे परत ठेवले आणि गेला. तेव्हापासून येत नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, तो आजीजवळ असतो. माझं चुकलं का? एवढी वचनं पाठ करूनही लेकरं अशी का वागतात? आणि नाताळच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलानं दहा वचनं म्हणावीत असं कमिटीचं म्हणणं आहे, त्याचं काय करू?

---

प्रिय लेकी, सलाम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. प्रश्न तू तीन विचारलेस, पण घाई एकाचीच आहे. तीन रविवार झाले, ते लेकरू आलेलं नाही. नाताळचं आणि पाठांतराचं आपण मागून बोलू. आधी त्याच्या घरी जा. रविवारची वाट बघू नकोस, हे वाचशील त्याच दिवशी संध्याकाळी जा.

तुझं चुकलं का, विचारतेस. हो, चुकलं. पैसे काढताना त्याला अडवलंस ते बरोबरच केलंस. पाहून न पाहिल्यासारखं करणं ही काही माया नव्हे. पण इतक्या लेकरांसमोर उभं करून त्याच्या तोंडून आज्ञा वदवून घेतलीस, तिथं चुकलं. त्याला जे वचन सगळ्यांत चांगलं येत होतं, त्याच वचनाचा मार त्याला बसला. आता ते कानावर पडलं की त्याला आधी ती खोली आठवेल, वळून बघणारी तोंडं आठवतील.

हे मी वरून बोलत नाही. मी 36 वर्षं शाळेत शिकवलं आणि जवळजवळ तितकीच वर्षं रविवारी शब्बाथशाळा, म्हणजे संडे स्कूलच, घेतली. अगदी सुरुवातीच्या काळात आठ वर्षांच्या एका मुलीनं मैत्रिणीची लाल रिबीन दप्तरात लपवली होती. मी तिला उभं केलं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. तिनं मागितली. पुढच्या रविवारी ती आली, त्याच्या पुढच्याही आली, चार वर्षं येत राहिली. मला वाटलं, प्रकरण मिटलं, लेकरू सुधारलं. बऱ्याच उशिरा माझ्या ध्यानात आलं की त्या दिवसानंतर तिनं एकाही प्रश्नाला हात वर केला नव्हता. ती यायची, पण तिचा आवाज कधी आला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुझं लेकरू निदान उघडपणे यायचं थांबलं, म्हणून तुला वेळेत कळलं.

आता लूकच्या शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय उघड. जक्कयाची गोष्ट तू लेकरांना सांगितली असशीलच. यरीहोतला मुख्य जकातदार, पैसेवाला, अंगानं ठेंगणा. येशूला बघायला तो उंबराच्या झाडावर चढला, असं आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे. तिकडचं ते झाड आपल्या उंबराच्याच कुळीतलं, फळांचे घोस फांदीला आणि खोडाला चिकटून येणारं. म्हणून ही गोष्ट आपल्या लेकरांच्या डोळ्यांपुढं लगेच उभी राहते. पण आज ती लेकरांसाठी वाचू नकोस, तुझ्यासाठी वाच, आणि घटनांचा क्रम बघ. आधी येशूनं त्याला नावानं हाक मारली. मग म्हणाला, खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. लोकांनी कुरकुर केली. त्यानंतर जक्कय आपण होऊन म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. पैशाचा विषय येशूनं काढलेलाच नाही, एका शब्दानं नाही. नाव, मग घर, मग हिशेब, आणि हिशेबही ज्याचा त्यानं केलेला. आपण शिक्षक मंडळी नेमका उलट क्रम लावतो.

तर जाशील तेव्हा एकटी जा. सोबत कमिटीचं कुणी नको, हातात शास्त्र नको. आजीजवळ बस, चहा दिला तर घे, तिच्या गुडघ्यांची विचारपूस कर, लेकीसुनांचा फोन येतो का विचार. तिला थैलीचं माहीत नसेल तर तू सांगू नकोस. लेकराला मात्र बाजूला घेऊन सरळ बोल. असं काहीतरी: "सगळ्यांसमोर मी तुला बोलले, ते माझं चुकलं. पैसे काढलेस, ते तुझं चुकलं. तू ते परत ठेवलेस, तो हिशेब संपला. मी तुला न्यायला आले." एवढंच. माफी मागताना पुढं 'पण' जोडू नकोस. लेकरं तो 'पण' बरोबर पकडतात.

पैसे कशाला हवे होते, ते विचार, पण एकदाच. सांगितलं तर ऐक, नाही सांगितलं तर राहू दे. आईशी बोलायला कुणाच्या तरी फोनमध्ये बॅलन्स टाकायचा असेल, नाहीतर दुकानातल्या पाकिटावर जीव गेला असेल. कारण काहीही निघालं तरी ती चोरीच होती. पण कारण कळलं तर पुढं काय करायचं ते तुला कळेल. आईच्या आवाजासाठी काढले असतील, तर आठवड्यातून एकदा तुझ्या फोनवरून त्याला आईशी बोलू दे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या 28 व्या वचनात प्रेषित पौल चोरी करणाऱ्याला फक्त 'पुन्हा करू नको' म्हणून थांबत नाही. हातांनी चांगलं काम कर, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल, असं सांगतो. त्या पोराच्या हातांना काम दे. सतरंज्या अंथरणं, पेटी उचलून आणणं, लहानग्यांना पाणी देणं. थैली मात्र इतक्यात त्याच्या हातात देऊ नकोस. 'बघा, माझा याच्यावर किती विश्वास' असं दाखवायला काहीजण मुद्दाम थैलीच देतात. मला ते पटत नाही. सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच्यावर खिळतात आणि लेकराची नाहक परीक्षा होते. त्यापेक्षा थैली फिरवणं आणि मोजणं दोघादोघांच्या पाळीनं ठेव. पाळीनं त्याचाही नंबर येईल, सगळ्यांसारखा.

आणि एक सांभाळ. तो परत येईल त्या रविवारी जक्कयाची गोष्ट घेऊ नकोस. गोष्ट संपायच्या आत कुणीतरी त्याच्याकडं बघून हसेल. त्या दिवशी पाच भाकरींची गोष्ट घे. पाच हजारांना जेवू घातल्याचं चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी एका लहान मुलाजवळ होत्या हे एकटा योहान सांगतो, सहाव्या अध्यायात. त्या भाकरी जवाच्या होत्या, गरिबाघरच्या. आपल्याकडं ज्वारीची असते तशी समज. एका लेकराच्या फडक्यातलं येशूनं हातात घेतलं, ही गोष्ट त्या दिवशी त्याच्या कानावर पडू दे. कुणी 'चोर' म्हणून चिडवलंच, तर मात्र तिथल्या तिथं थांबव. या खोलीत एकमेकांना नावानंच हाक मारायची, हे सगळ्यांना सांगून ठेव.

'देव बघतोय, शिक्षा करील' याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. भाकरी टाकली, देव बघतोय. खोटं बोललास, देव बघतोय. लेकराच्या मनात देव म्हणजे दाराआड उभा राहून चुका मोजणारा कुणीतरी होऊन बसतो. शास्त्रात 'मला पाहणारा देव' हे नाव देवाला कुणी दिलं, आठवतं? हागारेनं. उत्पत्तीच्या पुस्तकात, 16 व्या अध्यायात. ती दासी, पोटुशी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. झऱ्याजवळ देवाचा दूत तिला गाठतो आणि पहिलं काय विचारतो? कुठून आलीस, कुठं चाललीस. तेव्हा ती देवाला ते नाव देते. पुढं 21 व्या अध्यायात तिला लेकरासकट घालवून देतात. मसकीतलं पाणी संपतं, लेकराला झुडपाखाली टाकून ती लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. देव लेकराचं रडणं ऐकतो आणि तिला विहीर दिसते. मराठवाड्यातल्या लेकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या लेकराला विहीर दिसणं म्हणजे काय ते पुरतं माहीत असतं. देव बघतो म्हणजे तहान बघतो. ऊसतोडीला गेलेल्या आईची वाट बघणारं लेकरूही त्याला दिसतं. हे आधी मनात बसू दे. मग चोरी करताना देव बघतो, हे तुला सांगावंसुद्धा लागणार नाही.

आता पाठांतराकडं येते. वचनं पाठ करूनही लेकरं अशी का वागतात, याचं उत्तर सोपं आहे. पाठांतर जिभेचं काम आहे. पण म्हणून पाठांतर सोडून दे, असं मी म्हणणार नाही. माझी सासू निरक्षर होती. शेवटच्या आजारपणात माणसं ओळखेनाशी झाली, पण तेविसावं स्तोत्र कुणी सुरू केलं की पुढची ओळ तीच म्हणायची. लहानपणी कंठात गेलेलं असं म्हातारपणी उपयोगी पडतं. तेव्हा पाठ करूनच घे, फक्त कमी आणि सावकाश. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला 52 वचनं होतात. तुझं माझंही एवढं मोठं पोट नाही. महिन्याला एक वचन ठेव. चार रविवार तेच. पहिल्या रविवारी शब्द, दुसऱ्या रविवारी गोष्ट, तिसऱ्या रविवारी 'हे या आठवड्यात कुठं दिसलं' आणि चौथ्या रविवारी गाऊन. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या त्या चालीत बसव, टाळ्यांवर म्हणवून घे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-भजनांत आणली, ती आपल्या माणसाच्या तोंडी आजही सहज बसते. तीच वाट धर.

आणि शब्द फोडून दे. तेविसाव्या स्तोत्रात 'तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात' असं आहे. शहरातल्या वर्गात मला आकडीचं चित्र काढावं लागायचं. तुझ्या वर्गात नुसतं विचार, आकडी कुणी पाहिली? निम्मी लेकरं उठून उभी राहतील. धनगराच्या खांद्यावर असते, बाभळीची फांदी खाली ओढून तो शेळ्यामेंढ्यांना पाला पाडतो. काठी लांडग्यासाठी, आकडी मेंढरासाठी. एवढं कळलं की 'धीर देतात' हे वेगळं शिकवावं लागत नाही. लेकरं आपापल्या शेळ्यांच्या गोष्टी सांगायला लागतील, सांगू दे. वेळ वाया जातोय असं समजू नकोस, तोच धडा आहे.

चॉकलेट आणि चांदण्या बंद कर. एकदम नको, नाहीतर लेकरांना ती त्या मुलामुळं आलेली शिक्षा वाटेल. नाताळनंतर नवा तक्ता लावूच नकोस, म्हणजे झालं. खाऊ द्यायचा तर सगळ्यांना सारखा दे, वर्ग सुटताना. चांदणीचा त्रास असा की ज्याच्या जास्त, तो बाकीच्यांकडं वरून बघायला शिकतो. लूकच्या 18 व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, मंदिरात उभा राहून आपल्या चांदण्याच मोजत होता. त्याऐवजी जे पाहिलंस ते नाव घेऊन, हळूच, त्या एकट्याला सांग. "तू आज धाकट्याला तुझ्या शेजारी जागा करून दिलीस, मी पाहिलं." तुझं पाहणं लेकरांना असंही कळू दे.

सद्गुण शिकवताना आपण आणखी एक करतो. या महिन्यात सहनशीलता, पुढच्या महिन्यात सौम्यता, असे डबे लावतो. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलानं नऊ गोष्टी सांगितल्या आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. पण शब्द 'फळ' आहे, एकवचनी. तू तर मोसंबीच्या जिल्ह्यात राहतेस. एक मोसंबी वर्गात घेऊन जा आणि सोल. फोडी बऱ्याच असतात, पण साल एक, देठ एक, रस एका झाडाचा. फोडी नऊच भरतील असं नाही, मोजायला बसू नकोस. वाटून खा. इंद्रियदमन हा शब्द लेकरांना जड जातो. तो असा सांग: ताटात शेवटचा लाडू आहे, हात पुढं गेलाय, आणि आठवलं की धाकटीनं अजून खाल्ला नाही. हात मागं आला. तो मागं आलेला हात म्हणजे इंद्रियदमन.

पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगताना तर तू मागं राहा, लेकरांना बोलू दे. मत्तयाचा तेरावा अध्याय. वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपं, चांगली जमीन, हे सगळं त्यांच्या शिवारात आहे. मुरमाड रानातलं पीक लवकर उगवून उन्हात का करपतं, ते दहा वर्षांचं पोरगं तुझ्यापेक्षा नीट सांगेल. एखादं विचारेल, त्यानं बी वाटेवर कशाला टाकलं? आपल्याकडं तिफणीनं ओळीत पेरतात, म्हणून तो प्रश्न पडतो. तिकडं हातानं फोकून पेरायचे, थोडं वाटेवर जायचंच. दुबार पेरणी पाहिलेलं लेकरू आणखी पुढचं विचारील: उगवलं नाही तर तो पेरणारा पुन्हा पेरतो का? माझ्या वर्गात एकीनं खरंच विचारलं होतं. मी तिला म्हटलं, तुझे बाबा काय करतात? "पुन्हा पेरतात, उसने घेऊन." मग त्या रविवारी मी पुढं काही शिकवलं नाही.

चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची एकत्र, हे खरोखर अवघड आहे. गोष्ट सगळ्यांना एकच सांग, सात-आठ मिनिटांची. लहानग्यांचं बूड त्याहून जास्त टिकत नाही. मग तीन गट कर. लहान्यांना माती किंवा खडू, मधल्यांना गोष्टीची नक्कल, मोठ्यांना शास्त्र उघडून तीच गोष्ट वाचायला. मोठ्यांतल्या दोघांना लहान्यांजवळ बसव. मात्र कोणती गोष्ट कुणाला, ते सांभाळ. अब्राहाम आपल्या मुलाला वेदीवर ठेवतो, ही गोष्ट पाच वर्षांच्या लेकराला सांगू नकोस. मी सांगितली होती. रात्री त्या मुलानं वडिलांना विचारलं, "पप्पा, देव म्हटला तर तुम्ही मला पण?" ती दहा-अकरा वर्षांच्या पुढं, सावकाश. वधस्तंभाचं लहान्यांना एवढंच पुरे की येशूला वाईट माणसांनी मारलं, त्यानं त्यांना क्षमा केली आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. आणि नोहाची गोष्ट आपण जनावरांच्या जोड्यांमुळं गमतीची करून टाकली आहे. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, त्यात घरात पाणी शिरलेलं एखादं लेकरू तुझ्यासमोर बसलेलं असेल. त्याच्यासाठी इंद्रधनुष्यापासून सुरुवात कर.

शेजारची दोन लेकरं येतात, चांगलंच आहे. त्यांच्या आईबापांना भेट, काय शिकवतेस ते मोकळेपणानं सांग, त्यांची संमती असेल तरच बसू दे. त्यांच्या घरच्या देवाबद्दल तुझ्या वर्गात कधीच वाकडा शब्द निघू नये.

ऊसतोडीचं मात्र तू पत्रात एका ओळीत सांगितलंस, त्यावर मला जास्त सांगायचंय. तुझ्या वर्गातली काही लेकरं आईबापांबरोबर जातही असतील. ती दिवाळीच्या आसपास जातात आणि परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. म्हणजे नाताळ त्यांना आपल्या गावात कधीच मिळत नाही. पुढच्या वर्षापासून येशूच्या जन्माची गोष्ट त्यांना जायच्या आधी सांग. मरिया आणि योसेफ घर सोडून परगावी गेले, उतरायला जागा नव्हती, बाळाला गव्हाणीत निजवलं, हे उसाच्या फडाजवळच्या कोपीत, झोपडीत, राहणाऱ्या लेकराला आपल्या घरचं वाटेल. आणि याकोबाचीही गोष्ट सांग, उत्पत्तीचा 28 वा अध्याय. भावाला फसवून घरातून पळालेला, उघड्यावर, उशाला धोंडा. त्या रात्री देव त्याला रागावला नाही. तू जाशील तिथं मी तुझ्याबरोबर आहे, म्हणाला. सकाळी याकोबानं त्या जागेला नाव दिलं बेथेल, देवाचं घर. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ जे गाव वसवलं, त्याला हेच नाव दिलं. तुझ्या लेकरांना ते गाव माहीत असेल. उघड्यावर निजलेल्याच्या गोष्टीतलं नाव आपल्या जिल्ह्यातल्या गावाला आहे, हे त्यांना सांग. जाताना प्रत्येकाच्या हातात एक कागद दे, त्यावर तुझ्या अक्षरात एकच वचन. संडे स्कूलची सुरुवातच अशा लेकरांपासून झाली आहे. 1780 मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी वर्ग काढला तो आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांसाठी, कारण त्यांना मोकळा दिवस रविवारच तेवढा होता.

कमिटीचं सांगते. भांडू नकोस. पाळकसाहेबांना आधी एकटं भेट, मग त्यांच्याबरोबर कमिटीसमोर जा. म्हण की प्रत्येक लेकरू एकच वचन म्हणेल, पण त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगेल. 19 लेकरांची दहा-दहा वचनं म्हणजे 190 वचनं होतात. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्या माणसांनाही ती ऐकवणार नाहीत. नाहीच ऐकलं तर यंदा पाच-पाचवर तडजोड कर, त्यापायी तुझी झोप घालवू नकोस. लेकरांना मात्र घाबरवू नकोस. स्टेजवर कुणी अडखळलं तर पुढचा शब्द तू खालून सांग, मोठ्यानं सांगितलास तरी चालेल.

त्या मुलाला नाताळात वचन द्यायचं असेल तर दहा आज्ञांतलं देऊ नकोस. तेविसाव्या स्तोत्रातली आकडीची ओळ दे. त्याच्या आईला फोन लावून त्या रात्री ती ऐकव. कारखान्याच्या तळावर रेंज मिळाली तर ठीक, नाहीतर आवाज टिपून पाठव.

तो आला की मला एक ओळ लिही. नाव नको, फक्त आला एवढंच.

तुझी,
मावशी